नोटीस फलकावर, जीव टांगणीला

आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने त्याला वाट दिली, पण वाटेवर काटाही ठेवला. वधूवरांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावतात आणि ३० दिवस हरकतींसाठी ठेवतात. हिंदू विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यांना अशी नोटीस लागत नाही. वय, आधीचा विवाह यांसारख्या कायदेशीर अटींवरच हरकत घेता येते, जातीवर नाही. मग नाव-पत्ता चव्हाट्यावर कशासाठी? जातीच्या ठेकेदारांना आयता पत्ता मिळावा म्हणून? २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. आम्ही म्हणतो, अधिकाऱ्याने कागद जरूर तपासावेत. पण कायद्यातूनच हा फलक उतरवा!