शेजाऱ्याचा शोध

‘रोटरी’ हे नाव आपल्या कानी पडते ते बहुधा पोलिओच्या थेंबांच्या निमित्ताने. परंतु एका खेडवळ मनुष्याच्या एकाकीपणातून हे मंडळ जन्मास आले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

पॉल हॅरिस हे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, एका लहानशा गावी आजी-आजोबांपाशी वाढले. पुढे ते शिकागो शहरी वकिली करू लागले. तेथे माणसांची दाटी होती, पण गावाकडचा शेजार नव्हता. सुटीचा दिवस एकट्याने कंठावा लागे. अखेर २३ फेब्रुवारी १९०५ रोजी कोळशाचा व्यापारी, शिंपी व खाणींचा अभियंता असे तिघे परिचित त्यांच्यासह एकत्र बसले. पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बैठकी भरू लागल्या. त्या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले.

परंतु आपसांतील स्नेह आपल्यापुरताच ठेवला तर तो आटतो. दोनच वर्षांत या मंडळीने शहरात सार्वजनिक शौचगृहे व्हावीत म्हणून खटपट आरंभिली. काम साधे, पण तीच वाट दूरवर गेली. १९८५ साली रोटरीने पोलिओ-निर्मूलनाचे व्रत घेतले; सरकार, जागतिक आरोग्य संघटना व घरोघर फिरणाऱ्या सेविका यांच्या जोडीने झटल्यावर २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला.

वाचकहो, हॅरिस यांना जो शेजारी शोधावा लागला, तो आपल्या अंगणापलीकडेच राहतो. आणि आपण वीतभर बांधापायी त्याच्याशी अबोला धरतो! मंडळ स्थापण्यापूर्वी त्याच्या दारी एकदा जाऊन यावे.