जुन्या मोटारहोममधील धक्काशोषकांची बदली

धक्काशोषक अर्थात शॉक ॲब्सॉर्बर हा वाहनाच्या निलंबन संस्थेतील एक भाग असून तो स्प्रिंगांच्या हालचालीतील ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून वाहनाचे हेलकावे शमवतो. मोटारहोम म्हणजे ट्रक, बस किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बिछाने, स्वयंपाकाचा ओटा व पाण्याच्या टाक्या बसवून तयार केलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर होय. भारतात अशा वाहनाला बहुधा कॅराव्हॅन म्हणतात. अमेरिका व युरोपात १९७० ते १९९० च्या दशकांत तयार झालेली अनेक मोटारहोम आजही वापरात आहेत. अशा वाहनांत धक्काशोषकांची झीज ही नित्याची बाब असली, तरी ती ओळखण्याची व दुरुस्त करण्याची रीत साध्या मोटारीपेक्षा बरीच वेगळी आहे.

कार्य

धक्काशोषक हे नाव काहीसे फसवे आहे. रस्त्यावरचा धक्का मुळात स्प्रिंग, पाटे किंवा हवेची पिशवी झेलते. वाहनाचे वजनही तेच भाग पेलतात. मात्र दाबली गेलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत करते आणि वाहन वरखाली झुलू लागते. हे झुलणे थांबवणे एवढेच धक्काशोषकाचे काम आहे. ब्रिटिश इंग्रजीत त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात व ते नाव अधिक यथार्थ आहे. सांगाडा एका बाजूला खचला असेल किंवा मागील भाग जमिनीकडे झुकला असेल, तर नवे धक्काशोषक बसवल्याने तो वर येत नाही. या एका गैरसमजापायी अनेक मालक खर्च करून निराश होतात.

आजच्या प्रचलित दूरदर्शकी रचनेत तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या सरकतो. दट्ट्यातील बारीक छिद्रे व झडपा यांतून तेल बळाने पलीकडे जाते, या घर्षणाने ते तापते आणि ती उष्णता नळकांड्याच्या पृष्ठभागावरून हवेत जाते. बहुतेक धक्काशोषक दाबले जाताना कमी व ताणले जाताना अधिक विरोध करतात. मोटारहोमचे शरीर साधारणतः सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, तर चाक व आस मिळून सेकंदाला दहा वेळांच्या आसपास थरथरतात. दोन्ही हालचाली एकाच दट्ट्याने आवरायच्या असतात. खडबडीत रस्त्यावर तासाभराच्या प्रवासात दट्ट्याच्या हजारो फेऱ्या होतात त्या याचमुळे.

जुळ्या नळकांड्यांच्या प्रकारात आतील नळीभोवती तेलाचा साठा असतो व वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन वायू असतो. सतत काम पडल्यास तेल व वायू एकमेकांत मिसळून फेस होतो आणि फेसाला झडपेतून जाताना फारसा विरोध होत नाही. एकेरी नळकांड्याच्या प्रकारात तरंगत्या दट्ट्याने तेल व वायू वेगळे ठेवलेले असतात व वायूचा दाब सुमारे २० ते ३० बार इतका असतो. ही रचना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांच्या नावाशी जोडली जाते. १९५० च्या दशकात जर्मनीतील बिल्श्टाइन कंपनीने तिचे उत्पादन सुरू केले. तेलाला बाहेरच्या हवेशी थेट जोडलेली एकच भिंत असल्याने ही नळी लवकर निवते. जड मोटारहोमसाठी ती पसंत केली जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

मोटारहोमची विशेष परिस्थिती

मालवाहू ट्रक कधी भरलेला तर कधी रिकामा धावतो. मोटारहोमवर मात्र घराचे ओझे कायमचे असते. उंच भिंती व छतावरील वातानुकूलन यंत्र यांमुळे त्याचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि वळणावर ते कलते. शेजारून मोठा ट्रक गेला की त्याच्या हवेच्या झोताने असे वाहन डोलते.

ओझे वाढल्यावर काय होते, हे दमन गुणोत्तराच्या सूत्रावरून समजते. धक्काशोषकाचा विरोध तोच राहिला, तर हे गुणोत्तर वस्तुमान व स्प्रिंगेचा ताठपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. समजा, मूळ गुणोत्तर ०.३० आहे आणि कपाटे, सौर पटल, विजेरी संच व भरलेल्या टाक्या यांमुळे वस्तुमान १.४४ पट झाले. तर गुणोत्तर ०.२५ वर येते. ओझे तोलण्यासाठी मालकाने जादा पाटे किंवा हवेच्या पिशव्या बसवल्या, तर स्प्रिंगेचा ताठपणा वाढून ते आणखी घटते. म्हणजे पूर्णपणे नवा असलेला धक्काशोषकही अशा वाहनाला अपुरा पडू शकतो, आणि झिजलेल्याबद्दल तर बोलायलाच नको.

उभे राहण्याचाही त्रास असतो. वर्षातील बहुतेक महिने मोटारहोम एका जागी उभे असते. या काळात रबरी बुश कडक होऊन तडकतात आणि दांड्याच्या उघड्या भागावर दमटपणाने गंज धरतो. पहिल्याच प्रवासात हा खरबरीत दांडा सील कापत जातो. त्यामुळे किलोमीटरचा काटा कमी आकडा दाखवत असूनही धक्काशोषक निकामी झालेले आढळतात.

झीज ओळखणे

झीज हळूहळू होत असल्याने चालक तिला नकळत सरावतो. तो वेग कमी करतो, सुकाणूचक्र घट्ट धरतो आणि आपले वाहन असेच आहे असे मानू लागतो. प्रत्यक्षात चाक रस्त्यावरून उसळून क्षणभर सुटते तेव्हा त्या क्षणी त्याच्याकडून ब्रेक लागत नाही वा वळणही मिळत नाही. खडबडीत उतारावर हे विशेष धोक्याचे ठरते.

मोटारीचा कोपरा हाताने दाबून सोडायची प्रसिद्ध चाचणी अनेक टन वजनाच्या वाहनावर निरुपयोगी आहे, कारण माणसाच्या बळाने ते पुरेसे हलतच नाही. त्याऐवजी टायर पाहावेत. कडेने खड्डे पडल्याप्रमाणे आलटून पालटून झालेली झीज उसळणाऱ्या चाकाकडे बोट दाखवते, जरी चाकाचा असमतोल व सैल सांधेही तीच खूण सोडू शकतात. नळकांड्यावर तेलाचा पातळ ओलावा असणे दोषाचे लक्षण नव्हे. तेल ओघळून धुळीचा चिकट थर बसला असेल, तर मात्र सील गेले असे समजावे. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर लगेच प्रत्येक नळकांड्याजवळ हात नेऊन उष्णता अजमावणे ही जुनी व चांगली युक्ती आहे. एकाच आसेवरील दोहोंपैकी एक थंड राहिला असेल, तर तो ऊर्जा शोषत नाही. अर्थात दुसरा चटका बसण्याइतका तापलेला असू शकतो हे ध्यानात ठेवावे.

इतर दोष आधी तपासणे

अमेरिकेतील अनेक जुन्या मोटारहोमच्या खाली शेव्रोले पी-३० हा सांगाडा असतो. त्याच्या पुढील बाजूला स्वतंत्र निलंबन, गुंडाळी स्प्रिंग व त्या स्प्रिंगच्या पोकळीत हवेची पिशवी अशी रचना आढळते. मागे ताठ आस व पाटे असतात. पिशवीतून हवा गळली की पुढचा भाग खाली बसतो, निलंबनाचा प्रवास कमी होतो आणि रबरी रोधकावर आदळे बसू लागतात. प्रवाशाला हे धक्काशोषक गेल्यासारखेच जाणवते. सुकाणू जोडणीतील सांधे झिजले असतील, तर वाहन रस्त्यावर भटकते आणि दोष पुन्हा धक्काशोषकावरच ढकलला जातो. टायरमधील हवेचा दाबही याच यादीत मोडतो. वाहन प्रवासाच्या सर्व सामानासह वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसेचे वजन घ्यावे आणि टायर उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे दाब ठरवावा. पुढे धक्काशोषकाची निवड करतानाही हेच आकडे लागतात.

निवड

लांबी चुकली तर उत्तम प्रतीचा धक्काशोषकही टिकत नाही. पूर्ण ताणलेली लांबी कमी असेल, तर चाक खाली लोंबताना तोच साखळीसारखा अडकतो व त्याची कडी तुटते. पूर्ण दाबलेली लांबी जास्त असेल, तर रबरी रोधकाआधीच दट्ट्या तळाला आपटतो. म्हणून वाहनाच्या वर्षावर विसंबून न राहता सांगाड्याचा क्रमांक व आसेची क्षमता पाहूनच भाग मागवावा. घराचा निर्माता व सांगाड्याचा निर्माता अनेकदा वेगळे असतात, हे नवख्या मालकाच्या लक्षात येत नाही. धक्काशोषक एका आसेवर नेहमी जोडीनेच बदलतात. काही धक्काशोषकांत दमनाची पातळी जुळवता येते. नेदरलँड्समधील कोनी कंपनी अशांसाठी परिचित आहे. जुळवणीचे प्रमाण वाढवताना अतिरेक केल्यास घरातील भांडी व कपाटांची दारे खडखडू लागतात.

बदलण्याची कृती

वाहन सपाट व टणक जमिनीवर उभे करून हातब्रेक ओढावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मुक्कामाच्या जागी वाहन समतल करण्यासाठी असलेले जॅक हे त्याखाली शिरण्यासाठी नसतात. गरज पडल्यास पुरेशा क्षमतेच्या स्टँडवरच सांगाडा टेकवावा.

ताठ आस व पाटे असलेल्या बाजूला काम सोपे असते, कारण चाके जमिनीवर असतानाच धक्काशोषक काढता येतो. वजन पाट्यांवरच राहते. दुहेरी बाहू व गुंडाळी स्प्रिंग असलेल्या काही निलंबनांत मात्र चाक उचलल्यावर धक्काशोषकच बाहूचे खाली जाणे रोखून धरतो. अशा वेळी बोल्ट सोडताच बाहू झपाट्याने खाली पडतो आणि दाबलेली स्प्रिंग बाहेर उसळू शकते. ही चूक जिवावर बेतू शकते. खालच्या बाहूखाली जॅक लावून तो आधार दिल्याशिवाय एकही नट सैल करू नये.

जुन्या वाहनात सर्वाधिक वेळ गंजलेल्या नटांवर जातो. आदल्या दिवशी व पुन्हा सकाळी गंज सैल करणारे तेल मारून ठेवणे फायद्याचे ठरते. दांड्यासह नट फिरू लागला, तर दांड्याच्या टोकाला पाना लावून धरावा किंवा नट कापून काढावा. गॅस टॉर्चने तापवण्याचा मोह टाळावा. दाबाखालील वायू असलेले नळकांडे तापल्यास फुटू शकते.

नवा जुळ्या नळकांड्यांचा धक्काशोषक आडवा साठवलेला असल्यास आतील हवा कामाच्या नळीत शिरलेली असते. तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून व ताणून घेतला की ती निघून जाते. वायुयुक्त प्रकार पट्ट्याने बांधलेला येतो व पट्टा कापताच दांडा जोराने बाहेर येतो. दांडा पक्कडीत कधीही पकडू नये, कारण क्रोमवरील एक ओरखडाही सील खराब करण्यास पुरेसा असतो. कडीतील रबरी बुशचे बोल्ट प्रथम हलकेच लावावेत आणि वाहन चाकांवर नेहमीच्या उंचीला आल्यावरच निर्मात्याने सांगितलेल्या बलाघूर्णाने आवळावेत. लोंबत्या स्थितीत आवळलेला बुश कायमचा पिळलेला राहतो व लवकर फाटतो. जेथे स्वयंरोधी नट असतात, तेथे जुने पुन्हा वापरत नाहीत.

काढलेल्या नळकांड्यातील तेल वापरलेल्या वंगण तेलाच्या संकलनात द्यावे लागते. वायुयुक्त नळकांडे भंगारात देण्यापूर्वी त्यातील दाब उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच सोडायचा असतो. तो कुठेही भोक पाडून सोडणे धोक्याचे आहे. चाके काढली असल्यास त्यांचे नट, तसेच धक्काशोषकाचे सर्व बोल्ट, पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासतात.