गळ्यातील गाठ आणि तिची घाई



गेटसभेत घोषणा देऊन आवाज बसणे हा आम्हा युनियनवाल्यांचा नेहमीचाच रोग. त्यामुळे साठीला आलेल्या आमच्या एका जॉबरचा आवाज बसला तेव्हा त्याला मिठाच्या गुळण्या सांगणाऱ्यांत मीही होतो. त्याच्या गळ्यावर दहा वर्षांची जुनी गाठ होती. ती तीन आठवड्यांत लिंबाएवढी झाली, पण मफलरीमुळे कोणाला दिसली नाही. पुढे थायरॉइडचा कर्करोग निघाला, तेव्हा चाळीतले लोक म्हणाले, “घाबरू नका, तो बरा होणारा असतो.”

बहुतेकांच्या बाबतीत हे खरेही आहे. मी डॉक्टर नव्हे. रुग्णालयाच्या बाकावर बसून, विचारून, वाचून जे उमगले तेवढेच सांगतो. ही ग्रंथी श्वासनलिकेला बिलगून असते. रक्तातले आयोडीन वेचायचे व त्यापासून शरीराची भट्टी पेटती ठेवणारा रस करायचा, हे तिचे काम. तिच्यात होणारे बहुतेक कर्करोग ‘पॅपिलरी’ जातीचे असतात. त्यांतल्या पेशी बिघडल्या तरी सहसा आपला धंदा विसरत नाहीत, आयोडीन वेचतच राहतात. म्हणून ग्रंथी काढल्यावर, गरज असेल तर, किरणोत्सारी आयोडीन पाजतात. ते त्या पेशींतच जाऊन बसते आणि त्यांना आतून जाळते. परळचे १९६३ साली निघालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर हे या विद्येचे आपल्याकडील जुने ठाणे.

काही पेशी मात्र धंदाच विसरतात. त्यांना आयोडीन नको, फक्त वाढ हवी. ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ ही यांतली सर्वांत उग्र जात. शंभर थायरॉइड-कर्करोगांत ती एखाद-दुसरीच, बहुधा साठीनंतरची, पुष्कळदा जुन्या गाठीतूनच उपजलेली. गाठ ग्रंथीपुरती असली तरी डॉक्टर तिला चौथ्याच पायरीवर धरतात. जुन्या उपचारांनी निम्मे रुग्ण सुमारे पाच महिन्यांत जात. वर्ष ओलांडणारा पाचांत एखादा. (‘मेड्युलरी’ ही आणखी वेगळी जात. तिलाही आयोडीन लागू पडत नाही. ती कधी घराण्यातून येते, म्हणून मुलाबाळांचीही तपासणी करावी लागते.)

म्हणून इथे दिवस मोजावे लागतात. गाठ झपाट्याने वाढली, दगडासारखी लागली, आवाज बसला, घास अडकू लागला, धाप लागली, तर पुढच्या पगाराची वाट पाहू नये. गाठीचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. अशीच वेगाने वाढणारी गाठ कधी लिम्फोमाची निघते, आणि तो औषधांनी पुष्कळदा बरा होतो. नुसत्या अंदाजाने आशा सोडणेही चूक.

गाठ काढण्याजोगी असेल तर शस्त्रक्रिया, मागून किरणांचा शेक आणि औषधे, असा क्रम असतो. श्वास कोंडला तर गळ्याला भोक पाडून नळी बसवतात. आणखी एक तपासणी आवर्जून मागावी: ‘ब्रॅफ’ नावाच्या जनुकातील ठरावीक बिघाडाची. बऱ्याच अ‍ॅनाप्लास्टिक गाठींत तो सापडतो. तो असेल तर डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी देता येते. अमेरिकेत तिला २०१८ साली या रोगासाठी मान्यता मिळाली. ३६ रुग्णांच्या चाचणीत निम्म्याहून अधिकांच्या गाठी आकसल्या, आणि निम्मे रुग्ण वर्षापलीकडे जगले. कधी गाठ इतकी आकसते की आधी अशक्य असलेली शस्त्रक्रिया करता येते. गोळ्या महाग आहेत. कोणती योजना, कोणता निधी मिळेल, याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे पहिल्याच दिवशी करावी.

आमच्या जॉबरच्या गाठीत तो बिघाड नव्हता. त्याने डॉक्टरांना सरळ विचारले, “साहेब, किती दिवस?” घरच्यांनी डोळ्यांनी खुणावले, तरी डॉक्टरांनी खरे ते सांगितले, “महिन्यांत मोजा.” दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून प्रॉव्हिडंट फंडाचा कागद काढायला लावला. त्यावर वारस म्हणून अजून त्याच्या मृत आईचेच नाव होते. त्याने बायकोचे नाव घातले, खालची सही दोनदा वाचून पाहिली, आणि मग शेक घ्यायला गेला.