कुंपणाचा झटका आणि हृदय

ब्रिटनमध्ये तट्टांना कुरणात रोखण्यासाठी तात्पुरते विद्युत कुंपण घालतात. दाब हजारो व्होल्टचा, तरी तट्टू दचकून फक्त मागे सरते. कारण यंत्र साधारण सेकंदाला एकदाच, क्षणभर झटका देते. कुंपण नीट दिसावे म्हणून रुंद पांढरी पट्टी वापरतात. आपल्या शेतातले ‘झटका मशीन’ याच तत्त्वावर चालते.

मात्र रानडुकरांसाठी तारेत थेट २३० व्होल्टची वीज सोडली, तर प्रवाह अखंड वाहतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो. असे कुंपण कधीही घालू नये. कुणी चिकटलेले दिसल्यास आधी वीज बंद करावी, मगच हात लावावा. श्वास थांबला असल्यास १०८ ला कळवून लगेच छातीवर दाब द्यावा.