डंपर, डिझेल आणि ‘थोडं ठिबकतंच’

‘डिझेल म्हणजे काय पेट्रोल आहे का, असं भडकायला?’ खाणीच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य सहज कानावर पडतं. नागपूर हे तसं खाणींच्या कारभाराचं गाव. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सच्या कोल इस्टेटमध्ये आहे, आणि उमरेडपासून वणी-चंद्रपूरपर्यंतच्या तिच्या खुल्या खाणींत ६० आणि १०० टनी डंपर रात्रंदिवस माती आणि कोळसा ओढतात. पेट्रोलियम पदार्थांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही इथलंच. तरी डिझेलबद्दलची ही बेफिकिरी काही सुटत नाही.

डिझेल पेट्रोलइतक्या चटकन पेट घेत नाही, हे खरंच. पण भारतीय मानकानुसार त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने भडकू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो. त्यात आधुनिक इंजिनांत इंजेक्टरला लागलं नाही ते डिझेल गरम होऊनच टाकीत परततं. उन्हाळ्याच्या दुपारी टाकीतलं डिझेल त्या मर्यादेच्या पुढे गेलेलं असू शकतं, ही विदर्भापुरती तरी ध्यानात ठेवायची गोष्ट आहे.

शिवाय ठिणगी लागतेच असंही नाही. भर चढावर माल ओढताना टर्बोचार्जर आणि एक्झॉस्टचा भाग ५०० अंशांच्या पुढे तापतो. डिझेल तर सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं. हायड्रॉलिक तेल जड म्हणून सुरक्षित, हाही असाच भ्रम. दाबाखालचा होज पाइप फुटला की त्याची बारीक फवार उडते आणि तापलेल्या धातूवर ती फवार पेटायला वेळ लागत नाही. आग विझवण्याची स्वयंचलित यंत्रणा बसवली म्हणजे निश्चिंत, असंही नव्हे. इंजिन चालूच राहिलं तर पंप आगीला तेल पुरवत राहतो. म्हणून आगीची सूचना मिळताच इंजिन बंद होणं ही त्या यंत्रणेची अर्धी कामगिरी आहे.

आता ‘थोडं ठिबकतंच’ याकडे येऊ. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून जास्त तेल जातं. पण पैशांचं नुकसान हा त्यातला लहान भाग. गळणारं तेल इंजिनाखालच्या पत्र्यावर साचलेल्या कोळशाच्या भुकटीत मुरतं आणि तिथे एक वातच तयार होते. डंपर धुणं म्हणजे साहेबांच्या पाहणीपुरता दिखावा, अशी जी समजूत आहे ती इथे पार चुकते. धुतलेल्या इंजिनावर तेलाची ताजी रेघ लगेच दिसते. मळाने माखलेल्या यंत्रावर फिटरने बॅटरी कितीही फिरवली, तरी कुठला डाग जुना आणि कुठला आजचा हे त्याला कळणार नाही. बहुतेक होज एका दिवसात फुटत नाहीत. क्लॅम्प सैल होतो, पाइप शेजारच्या कडेवर घासत राहतो, वरचं रबर जाऊन आतली तारेची जाळी उघडी पडते. ती जाळी दिसली की पाइप बदलायचा, अजून गळत नसला तरी.

गळती शोधायची म्हणून होजवरून हात फिरवण्याची सवय मात्र फार वाईट. सुईएवढ्या छिद्रातून येणारी दाबाखालची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. बाहेर फक्त एक टिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, आणि माणूस ड्युटी पुरी करतो. अशा जखमेवर काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, ओला झाला की जागा सापडली. यंत्र बंद करून दाब उतरवल्याशिवाय पुढचं काम नाही.

इंजिन ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हेही खरं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्या तेलाचं कामच आहे. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ‘बरंय, टॉप-अप वाचला’ म्हणून खूश होऊ नये. बहुधा डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, तेल पातळ होतंय आणि बेअरिंगचे दिवस भरत आलेत. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर त्यातलं लोखंड, तांबं आणि सिलिकॉन पुष्कळ सांगून जातात. सिलिकॉन वाढलं म्हणजे धूळ आत येतेय, आधी एअर फिल्टर पाहावा.

टाकी गळ्यापर्यंत भरण्याचा मोहही असाच. हजार लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तर सोळा-सतरा लिटरांनी फुगतं. पहाटे बाऊजरवरून, म्हणजे डिझेलच्या फिरत्या टँकरवरून, काठोकाठ भरलेली टाकी दुपारी व्हेंटमधून ओघळते ती त्यामुळे. नोझल आपोआप बंद झाल्यावर पुन्हा दाबून ‘आणखी थोडं’ घालणाऱ्याने ते डिझेल जमिनीलाच पाजलेलं असतं.

आणि जमिनीत मुरलं म्हणजे संपलं, असंही होत नाही. पावसाळ्यात ते वाहत खाणीच्या तळाच्या पाणी साचणाऱ्या खड्ड्यात, म्हणजे ‘संप’मध्ये येतं. आपल्याकडे खाणीचं पाणी सगळंच फेकून दिलं जात नाही. पाटणसावंगीला ते शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं गेलं, आसपासच्या गावांत शेतीलाही दिलं जातं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक लिटर डिझेल सुमारे ८० हजार लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं.

सांडलेल्यावर साबणाचं पाणी मारून फरशी चकाचक करणं हा त्यावरचा सगळ्यात चुकीचा उपाय. वर्कशॉपच्या गटारावरचा ऑइल ट्रॅप चालतो तो तेल पाण्यावर तरंगतं म्हणून. साबणाने त्याचे कण इतके बारीक होतात की ते पाण्यात मिसळून ट्रॅपखालून निघून जातात. कोरडा भुसा किंवा वाळू टाकावी, तेल शोषू द्यावं, फावड्याने उचलून झाकणाच्या ड्रममध्ये भरावं. तो ड्रम २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचरा ठरतो. त्याची जागा साध्या कचऱ्याच्या ढिगावर नाही, बुटीबोरीसारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्रात आहे. जळकं ऑइलही भंगारवाल्याला द्यायचं नसतं, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं.