वराचा पोशाख

विवाहप्रसंगी वराचा पोशाख निवडताना त्याचे मोल केवळ दामावरून ठरवू नये, असे आम्हांस वाटते. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील किडा पतंग होऊन बाहेर पडण्यापूर्वीच उष्णतेने मारतात. अहिंसा मानणाऱ्या घरात याचा विचार प्रथम व्हावा. पतंग निघून गेलेल्या कोशांचेही रेशीम मिळते. परंतु ते कातावे लागते व महाग पडते. आमचा लोधीखेडा-सौंसरचा मुलूख तर कापसाचा. तलम सुती धोतर, उपरणे, फेटा आणि चामड्याऐवजी कापडी मोजडी यांत वर काय कमी शोभेल? शंका आल्यास धागा जाळून पाहावा : रेशमास जळक्या केसांचा वास येतो, सुतास जळक्या कागदाचा. व्यापारी बंधूंनी हा फरक गिऱ्हाइकास आपण होऊन सांगावा, ही विनंती.