पुण्यातल्या घरात ‘निमो’ जगू शकतो का?

२००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश जगभर ओळखीचा झाला. चित्रपटातला निमो दातांच्या डॉक्टरच्या टँकमधून सुटायला धडपडतो. प्रेक्षकांना मात्र तोच मासा आपल्या घरी हवासा वाटू लागला. पण समुद्रापासून शंभरेक किलोमीटर लांब, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या घरात तो जगेल का?

जगेल. हा मासा तसा चिवट आहे. खरी अडचण पाण्याची आहे.

मासा सोपा का?

क्लाउनफिश साधारण ८ ते १० सेंटीमीटर वाढतो आणि तयार खाद्य सहज खातो. समुद्रात तो ॲनिमोनी, म्हणजेच समुद्रपुष्पाच्या आसऱ्याने राहतो, फार लांब भटकत नाही. त्यामुळे त्याला कमी जागा पुरते. टँकमध्ये ॲनिमोनी नसला तरी त्याचं अडत नाही. उलट ॲनिमोनी सांभाळणं माशापेक्षा अवघड असतं.

हे मासे जन्मतः नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो. म्हणून लहान-मोठे असे दोन कोवळे मासे एकत्र आणले, तर त्यांची जोडी जमते. छोट्या टँकमध्ये तीन-चार सोडले, तर भांडणं होतात.

मग मासे मरतात कशामुळे?

बहुतेक वेळा घाईमुळे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात. ते वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. टँक आणला त्याच दिवशी मासे सोडले, तर ते या विषातच पोहतात.

दुसरा प्रश्न मिठाचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टँकला साडेतीन किलो. त्यासाठी स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, सागरी टँकसाठीचं खास मीठच लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे आरओचं पाणी बरं. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना खारं नाही, गोडं पाणी घालायचं.

पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश हवं. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे जड जातं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळणारा छोटा पंखा पाण्यावर वारा देत ठेवला, तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. वीज गेली की पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊ लागतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

आणि वजन? १०० लिटरचा टँक काच आणि दगडांसह सव्वाशे किलोच्या पुढे जातो. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर तो ठेवण्याआधी विचार करावा.

मासा आला कुठून?

अनेक देशांत शोभेचे मासे प्रवाळांमधून पकडले जातात, काही ठिकाणी तर सायनाइड वापरून. असे मासे नंतरही दगावतात आणि प्रवाळांचंही नुकसान होतं. क्लाउनफिशच्या बाबतीत याची गरज उरलेली नाही, कारण त्याची पैदास टँकमध्ये होते. नर अंड्यांची राखण करतो आणि आठवडाभरात पिल्लं बाहेर येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात हे तंत्र विकसित केलं. महाराष्ट्रातही नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास केली जाते. टँकमध्ये जन्मलेल्या माशाला बंदिस्त जागेची आणि तयार खाद्याची सवय असते, त्यामुळे तो जास्त टिकतो.

एक लक्षात ठेवावं: प्रवाळ आणि समुद्री घोडा यांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. टँक सजवायला जिवंत प्रवाळ घेणं महागात पडू शकतं.

नीट सांभाळला, तर क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. त्यामुळे दुकानात किंमत विचारण्याआधी हा मासा समुद्रातून पकडला की टँकमध्ये जन्मला, हे विचारायला हवं. दुकानदाराला ते सांगता आलं नाही, तर तो मासा न घेतलेलाच बरा.